मदत हवी आहे: वाऱ्यावरून जंगलाची उंची काढतोय, पण साग रात्री बुटका होतो!

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पात अडकलोय. सातपुड्यातल्या सागाच्या जंगलात ३० मीटरचा टॉवर आहे, टोकाला ध्वनिलहरींनी वारा मोजणारा सॉनिक अ‍ॅनिमोमीटर. दर अर्ध्या तासाची सरासरी मिळते: वाऱ्याचा वेग, यू-स्टार म्हणजे घर्षणवेग (वारा झाडांना किती घासतो त्याचं माप), उष्णतेचा प्रवाह. एवढ्यावरून झाडांची उंची काढायची आहे.

लॉग प्रोफाइलच्या (उंचीनुसार वारा कसा वाढतो ते सांगणाऱ्या) सूत्रात विस्थापन (झाडांमुळे वाऱ्याचा तळ जितका वर सरकतो ते अंतर) झाडांच्या उंचीच्या ०.६७ पट आणि खडबडीतपणाची लांबी (पृष्ठभाग वाऱ्याला किती अडवतो त्याचं माप) ०.१ पट धरली. मग उंची = ३० ÷ (०.६७ + ०.१ × ई (२.७१८) चा 'क्ष' घात), जिथे क्ष = ०.४ × वेग ÷ यू-स्टार.

जमिनीवरून लेझरने मोजलेली सरासरी उंची १८ मीटर. सूत्रातून मात्र दुपारी २३ येते आणि रात्री १२. वारा पडला की तर ३६-३७! टॉवरपेक्षा उंच साग. सरांना दाखवायची हिंमत नाही. कोड चार वेळा तपासलाय. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
कोड नव्हे, हवा बघा. हे सूत्र फक्त उदासीन हवेचं आहे, म्हणजे उष्णतेमुळे घुसळत नाही आणि थंडाव्याने थिजतही नाही अशा हवेचं. दुपारी जंगल तापतं, हवा घुसळते, त्याच वेगाला यू-स्टार जास्त मिळतो आणि उंची फुगते. रात्री स्थिर हवेत नेमकं उलटं. ३६-३७ चं कोडं सोपं आहे: वेग शून्य टाकून बघा, ३० ÷ ०.७७ म्हणजे ३९ येतं. निवांत वाऱ्यात तुम्ही झाड मोजतच नाही, सूत्राची कमाल मर्यादा मोजता.

यू-स्टार आणि उष्णतेच्या प्रवाहावरून ओबुकोव्ह लांबी काढा; ती जितकी मोठी तितकी हवा उदासीन. विस्थापन १२ मीटर धरलं तर सेन्सरची प्रभावी उंची ३० वजा १२ म्हणजे १८. लांबी (धन असो वा ऋण) त्याच्या दहापट, म्हणजे १८० मीटरपेक्षा मोठी असेल तेच तास ठेवा. मंद वाऱ्याचे तास सरळ फेका.

धागाकर्ता
आभार दादा! पण विस्थापनासाठी उंची आधीच लागते, हे म्हणजे सासू आधी की सून?

प्रतिसाद १
अंदाजाने सुरू करा, आलेली उंची परत घाला. दोन-तीन फेऱ्यांत बसतं.

प्रतिसाद २
माझी शंका गुणकांवर. ०.१ ऐवजी ०.०८ धरलंत तर १८ चे २०.४ होतात. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, तेव्हा दोन्ही गुणक बदलतात. मे आणि ऑगस्ट एकाच तराजूत तोलू नका. पावसाळ्यातले ढगाळ, वाऱ्याचे तास सर्वांत कामाचे, फक्त सेन्सरवर थेंब बसलेल्या नोंदी काढा. शिवाय ३० मीटर हे झाडांच्या दुपटीपेक्षा कमी आहे. तिथे झाडांचा थेट प्रभाव असतो, वारा सूत्रापेक्षा जरा जास्त भरतो, म्हणून उंची थोडी कमी निघणार. टॉवरच्या आडोशाला येणारी दिशाही वगळा.

धागाकर्ता
गाळणी लावली. तीन पावसाळ्यांचा मध्यक: १६.८, १७.१, १७.३. नोंदी मात्र दहातली एकच उरली. वाढ खरी की नुसता मोजणीतला चढउतार, हे सांगायला एवढ्या पुरतील का? प्रत्येक पावसाळ्याचे आठवडे उलटसुलट निवडून मध्यक किती हलतो ते आज रात्री बघतो.