मदत हवी आहे : विद्यापीठांची स्वायत्तता आणि पैशाच्या नाड्या

मंडळी, सरकारी विद्यापीठांना स्वायत्तता देण्याच्या प्रयोगांवर टिपण लिहितोय आणि एका जागी गाडी अडली आहे. जपानने एप्रिल २००४ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठांची महामंडळं केली, फिनलंडने २०१० पासून विद्यापीठांना सरकारपासून वेगळं कायदेशीर अस्तित्व दिलं. दोन्हीकडे प्राध्यापक सरकारी नोकर राहिले नाहीत, विद्यापीठाचे नोकर झाले. जपानमध्ये बाबनिहाय मंजुरीऐवजी एकगठ्ठा अनुदान आलं. म्हणजे रिकाम्या जागेचे वाचलेले पैसे प्रयोगशाळेतल्या यंत्राकडे वळवायला मंत्रालयाच्या सहीची वाट पाहायला नको. इथवर छान. पण पुढे वर्षानुवर्षं ते अनुदानच थोडंथोडं कापलं गेलं आणि तरुण संशोधकांच्या वाट्याला मुदतीच्या नेमणुका आल्या. (मला तरी ही स्वायत्तता कमी, हात झटकणं जास्त वाटतं.)

विचारायचंय ते असं : नियामक मंडळावर बाहेरचे सदस्य आले की निवडून आलेल्या अधिसभेकडे प्रत्यक्षात उरतं काय? कुलगुरू निवडताना प्राध्यापकांचं कितपत चालतं? अशा बदलातून कोणी गेलं असेल तर सांगा. कायद्याची कलमं वाचून झाली आहेत, मला बैठकीत काय घडतं ते हवंय.