ग्रामसभा भरते, पण निर्णय आधीच झालेला असतो. यावर उपाय काय?

माणदेशी (प्रश्न):
आमच्या गावात ग्रामसभा ठरलेल्या तारखांना भरते. 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर मागील सभेचे इतिवृत्त घाईने वाचले गेले, मग विकास आराखड्यातील कामांची यादी वाचून ‘मंजूर का?’ असे विचारण्यात आले आणि पुढे बसलेल्या चौघांनी हात वर करताच ठराव झाला. यादीत प्रवेशद्वाराची कमान होती. महिलांनी दोन वेळा मांडलेली वस्तीवरील पाण्याची टाकी मात्र नव्हती. लोकांना निर्णयात खरोखर सामील करून घेण्याचा मार्ग कोणाला ठाऊक असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

रानवाट:
गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वांना ठाऊक असते, पण त्यामागील अभ्यासगटांची चर्चा फारशी होत नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. गावातले देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अशी रीत रुजली की जंगल, दारू, सरकारी योजना अशा विषयांवर गावकरी आधी अभ्यासगटात बसून माहिती घेतात आणि मगच ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावाला झगडावे लागले आणि 2011 मध्ये तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. इतका काळ गाव या झगड्यात टिकून राहिले, कारण आपण काय मागतो आहोत हे लोकांना नेमके माहीत होते. तुमच्याकडे यादी लोकांच्या कानावर पहिल्यांदा सभेतच पडते. त्या क्षणी कोणीही विचारपूर्वक हात वर करू शकत नाही.

जुना ग्रामसेवक:
नोकरीत असताना पाहिलेले लिहितो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. नको असलेला विषय उरकायला हीच वाट सोयीची पडते, म्हणून पहिल्याच सभेला माणसे जमवा. आराखड्याचा मसुदा आणि निधीचा तपशील आधीच लेखी अर्ज करून मागा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखीव होती, तेव्हा टाकीसाठी पैसा नाही असे कोणी म्हटल्यास त्या रकमेतून कोणती कामे धरली, हे सभेतच विचारा.

सावली:
सर्वसहमतीबद्दल मला गंभीर शंका आहे. मेंढा हे लहान गोंड गाव आहे. अनेक जातींच्या मोठ्या गावात सर्वांच्या संमतीचा आग्रह धरला, तर बलिष्ठ घराण्याचा एक नकार वस्तीचे पाणी अडवू शकेल. त्यापेक्षा ग्रामसभेआधीच्या महिला सभेचा उपयोग करा. तिथे टाकीचा ठराव सूचक-अनुमोदकासह लेखी नोंदवून घ्या आणि मुख्य सभेत तो शब्दशः वाचला जाईपर्यंत पुढचा विषय घेऊ देऊ नका.

माणदेशी:
सर्वांचे मनापासून आभार. महिलांनी विषय दोन्ही वेळा तोंडीच मांडला होता, त्यामुळे इतिवृत्तात त्याची नोंदच नाही. 2 ऑक्टोबरच्या सभेपूर्वी वस्तीवर बसून आराखडा वाचायचा आणि ठराव महिलांच्या सभेतूनच लेखी द्यायचा, असे आम्ही ठरवले आहे.