नाडी मंद असताना रक्ततपासण्या कशासाठी?

प्रश्न:
माझ्या आईचे वय ६८ असून गेल्या दोन आठवड्यांपासून तिची नाडी मिनिटाला ४४ ते ४८ भरते आणि उठताना तिला भोवळ येते. रक्तदाबासाठी ती बरीच वर्षे अ‍ॅटेनोलॉल घेत आहे. ईसीजी पाहिल्यावर डॉक्टरांनी टीएसएच, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितले. दोष हृदयाच्या ठोक्यांत असताना थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांचा काय संबंध, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १:
ठोके कोठे अडत आहेत हे ईसीजीवरून कळते. ते का अडत आहेत हे मात्र पुष्कळदा रक्तातून शोधावे लागते. अ‍ॅटेनोलॉल मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावले की वर्षानुवर्षे सोसलेला तोच डोस शरीरात साचू लागतो. त्याच वेळी पोटॅशियमही वाढले, तर दोन्ही मिळून ठोके आणखी मंद करतात आणि मंद ठोक्यांमुळे मूत्रपिंडाला रक्त कमी पडून हे चक्र वाढतच जाते. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडल्यानेही नाडी मंदावते व उपचारांनी ती सुधारू शकते. पेसमेकरचा निर्णय घेण्यापूर्वी ही कारणे तपासलीच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. गोळी मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये. आईंना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे असे काही झाले, तर अहवालाची वाट न पाहता त्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे.

उत्तर २:
मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून नमुन्याविषयी थोडे लिहिते. रक्त काढताना किंवा हाताळताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतील पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. अहवालावर तशी नोंद असल्यास नमुना पुन्हा द्यावा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगावे, कारण थायरॉइड कमी पडल्यावर टीएसएच सहसा वाढते, पण काही पद्धतींमध्ये बायोटिनमुळे ते प्रत्यक्षाहून कमी दिसते आणि थायरॉइडची कमतरता झाकली जाते. डिगॉक्सिन हे नाडी मंद करणारे हृदयाचे औषध घेणाऱ्यांनी त्याच्या पातळीसाठी नमुना डोसनंतर किमान सहा तासांनी द्यावा.

उत्तर ३:
आई काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब घालतात का? टिमोलॉलचे थेंब अ‍ॅटेनोलॉलच्याच गटातले असून ते रक्तात उतरून नाडी मंद करू शकतात.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. थेंब चालू आहेत आणि बाटलीवर टिमोलॉल हेच नाव आहे. आम्ही ते औषधांत धरलेच नव्हते. उद्या नमुना देण्यापूर्वी ही बाटली डॉक्टरांना दाखवते.