याया म्हणते ‘ओसो पारी’, मग पीठ घ्यायचं किती?

विषय: आजेसासूबाईंच्या हातची पिता शिकायचीय

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन मी ग्रीक घरात आले. नवऱ्याच्या आजीला घरात सगळे याया म्हणतात. ती 1963 साली ग्रीसमधल्या एपिरसहून जहाजानं मेलबर्नला आली. एपिरसच्या डोंगरांत पितेचा, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पाईचा, मोठा मान. हातानं लाटलेल्या फिलोच्या, म्हणजे अगदी पातळ पोळीच्या, थरांत पालेभाजी, चीज, भोपळा, घरात असेल ते घालून भाजायचं. याया आता 86 वर्षांची आहे, हात थरथरतात, त्यामुळे लाटणं बंद झालंय. सासूबाई विकतचा फिलो आणतात. म्हणजे या घरात हाताची पिता यायाबरोबरच संपणार, आणि ते मला नकोय.

दर शनिवारी वही घेऊन तिच्याजवळ बसते. पीठ किती? “ओसो पारी.” तेल? डोळ्यांकडे बोट दाखवते, म्हणजे नजरेनं. दोनदा केलं. दोन्ही वेळा पीठ घट्ट झालं आणि फिलो लाटताना फाटला. आवगोलेमोनो, म्हणजे अंडं-लिंबाचं सूप, केलं तर ते फुटलं, वर अंड्याचे कण तरंगत होते. आपल्यापैकी कुणी हा स्वयंपाक घरी करतं का?

— कोबर्गहून

---

विषय: उत्तर: आजेसासूबाईंच्या हातची पिता शिकायचीय

अगं, ‘ओसो पारी’ म्हणजे ‘घेईल तेवढं’. आपल्या आया ‘मावेल तेवढं पीठ’ म्हणायच्या ना, तेच! याया काही लपवत नाहीये. तू पीठ आधी मोजून त्यात पाणी घालत असणार. उलट कर. परातीत कोमट पाणी, मीठ, तीन-चार चमचे ऑलिव्ह तेल आणि चमचाभर व्हिनेगर घे, मग मूठमूठ पीठ घालत जा. हाताला चिकटायचं थांबलं की तू थांब. अंदाज हवाच असेल तर पाव लिटर पाण्यात साधारण अर्धा किलो मैदा मावतो. मळून तासभर झाकून ठेव, त्याशिवाय लाटायला घेऊच नकोस. फाटतं ते बहुतेक तिथंच.

आपलं लाटणं बाजूला ठेव. त्यांचा प्लास्तिस म्हणजे बारीक, लांब, सरळ दांडा. पोळी त्यावर गुंडाळायची आणि तळवे मधून कडांकडे नेत दाबायची, मग उलगडून वळवायची आणि पुन्हा तेच. मध्ये कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला हे लवकर जमतं.

आवगोलेमोनोचं म्हणशील तर कढी आठव. अंडी आणि लिंबाचा रस फेटून घ्यायचा, मग सूपचा गरम रस्सा त्यात पळीपळीनं, सतत फेटत घालायचा. अंडी थेट पातेल्यात ओतायची नाहीत. मिश्रण गरम झालं की गॅस बंद करून ते सूपात परत ओतायचं, आणि त्यानंतर उकळी आणायची नाही. कढीला डाळीचं पीठ सांभाळतं, इथे सूपातला तांदूळ थोडं ते काम करतो, पण उकळी आली तर तोही वाचवत नाही.

आता मनातलं सांगते. मी हे सगळं 22 वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या ग्रीक आजींकडून शिकले. पहिल्या वर्षी त्यांची फासोलाक्या, म्हणजे टोमॅटोतली फरसबी, करताना मी मोहरी-जिऱ्याची फोडणी दिली. चांगली झाली, पण त्यांची झाली नाही. अशा भाज्यांना लादेरा म्हणतात, ‘लादी’ म्हणजे तेल. किलोभर फरसबीला जवळजवळ वाटीभर ऑलिव्ह तेल, कांदा, टोमॅटो. मंद आचेवर पाणी आटून भाजी नुसती तेलावर राहिली की झाली. शेंग करकरीत ठेवायची नाही, मऊच हवी. ते तेल पावानं पुसून खातात. आपण तेल सुटेपर्यंत परततो, त्यांच्याकडे तेल उरेपर्यंत शिजवतात. यायाची चव जिभेला नीट कळेपर्यंत आपले मसाले डब्यातच राहू देत.

आणि एक. त्या आजींच्या परसात उन्हाळ्यात कुंपणाला लागून एक भाजी माजायची. त्या तिला व्लिता म्हणायच्या. मी पान हातात घेतलं आणि ओळखलंच, आपला माठ! उकडून वर तेल, लिंबू आणि मीठ, बस्. शेजारी वाफ्यात ग्लिस्त्रिदा होती, ती निघाली घोळ. आईनं लावलेल्या घोळीनंतर वीस वर्षांनी मी ती भाजी पाहत होते. आजींना इंग्रजी फारसं येत नव्हतं, मला ग्रीक मुळीच नाही. त्या दिवशी आम्ही दोघी वाफ्याशी बसून पानं खुडत राहिलो.

— ओकलीची काकू

---

विषय: उत्तर: आजेसासूबाईंच्या हातची पिता शिकायचीय

काकू, आमच्याकडे मांस-अंडं चालत नाही. मग यातलं काय करता येईल?

— ग्लेन वेव्हर्लीहून

---

विषय: उत्तर: आजेसासूबाईंच्या हातची पिता शिकायचीय

भरपूर! ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात मांस, दूध, अंडी, मासे सगळं वर्ज्य असतं. शिंपले-ऑक्टोपस मात्र चालतात, तेवढं विचारून घ्या. पांढऱ्या राजम्याचं सूप फासोलादा, मसुरीसारख्या डाळीचं फाकेस (वाढताना व्हिनेगर विसरू नका), काळ्या डोळ्यांची चवळी, भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या. खिमा नसलेल्या या भरल्या भाज्यांना तिकडे ‘ओर्फाना’ म्हणतात, म्हणजे अनाथ. मला तो शब्द लागतो, पण त्याच मला जास्त आवडतात.

आणि रव्याचा हलवा आजच करा. प्रमाण त्यांच्या मुलांनाही पाठ असतं: 1 वाटी तेल, 2 रवा, 3 साखर, 4 पाणी. जाडा रवा तेलात बदामी भाजायचा. साखर-पाण्यात दालचिनी आणि संत्र्याची साल घालून उकळायचं आणि तो गरम पाक रव्यावर ओतायचा. खूप उडतो, हात लांब ठेवा. घट्ट झाला की साच्यात दाबून पालथा घालायचा. आपला शिराच, फक्त तुपाऐवजी तेल.

— ओकलीची काकू

---

विषय: उत्तर: आजेसासूबाईंच्या हातची पिता शिकायचीय

काकू, शनिवारी पाणी आधी घेतलं. पीठ मळून यायापुढे नेलं. तिनं बोटानं दाबलं, मग स्वतःच्या कानाची पाळी धरून दाखवली. सासूबाईंनी सांगितलं, पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की बरोबर. इतके शनिवार विचारूनही हे प्रमाण मला कुणी दिलं नव्हतं. वहीत ते सगळ्यात वर लिहिलंय.

फिलो दोन ठिकाणी फाटला, पण याया म्हणाली, तो खालच्या थरात घाल. सूप फुटलं नाही.

तुम्ही लिहिलेलं माठाचं मी तिला सांगितलं. तिला या उन्हाळ्यात व्लिता परसात हवी आहे. कुणाकडे माठाचं बी आहे का? भारतातून आणलेलं नको, क्वारंटाइनला चालत नाही. इथे पिकवलेलं असेल तर मी कुठेही न्यायला येईन.

— कोबर्गहून