भाड्याच्या घरातलं सामान आणि विमा: अनुभव लिहा

घरमालकाने विमा उतरवला असला तरी तो त्याच्या घराचा. फ्रिज, कपाट, लॅपटॉप आपले, त्याला ते लागू नाही. भाडेकरू म्हणून कुणी सामानाचा विमा काढलाय का? दावा केला असेल तर काय मिळालं, काय नाकारलं, सविस्तर लिहा.

चिपळूण
जुलै 2021 चा पूर. आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. 'भारत गृह रक्षा' पॉलिसी त्याच वर्षी 1 एप्रिलपासून आली होती. ती फक्त सामानापुरतीही घेता येते, म्हणून घेतलेली. पाणी ओसरल्यावर जो तो चिखल उपसायच्या मागे होता. पण आईने प्रत्येक वस्तूचा, मागच्या मॉडेल नंबरच्या पट्टीसकट, फोटो निघेपर्यंत काही बाहेर टाकू दिलं नाही. कागद सगळे भिजलेले. फ्रिजचं बिल ईमेलमध्ये सापडलं, शिलाई मशीनचं कुठेच नव्हतं. नुकसान तपासायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने फोटो पाहून तीही धरली. त्या पैशातून नवी मशीन आली आणि आईचं काम पुन्हा सुरू झालं. आईचे उपकार मी विसरणार नाही.

पुणे
आमच्याकडे घरफोडी झाली. एफआयआर, पंचनामा, सगळं केलं, तरी दावा नामंजूर. 'भारत गृह रक्षा'त चोरी धरतात ती आग, पूर अशा घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर लागतं. एजंटाने हे विकतानाच सांगायला हवं होतं, याचा अजून संताप होतो.

न्यू जर्सी
इथे बऱ्याच अपार्टमेंटमध्ये विम्याचा कागद दाखवल्याशिवाय किल्ली देत नाहीत. त्यामुळे विमा बऱ्याच जणांकडे असतो, पण भाडेकरूंच्या नेहमीच्या (रेंटर्स) पॉलिसीत पूर नसतो. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसाने बेसमेंटं भरली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला काहीच मिळालं नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, बहुतेक जण तो सरकारी योजनेतून घेतात. त्या योजनेत भाडेकरूलाही सामानासाठी 1 लाख डॉलरपर्यंत विमा मिळतो. तळघरातल्या सामानाला मात्र त्यातही फार कमी संरक्षण आहे. विद्यार्थी मुलांनी खोली घेताना हे आधी बघा, कळकळीने सांगते.

ठाणे
वरच्या घरातला पाइप फुटून आमच्या गाद्या आणि टीव्ही गेला. पाइप फुटणं पॉलिसीत होतं, दावा विनातक्रार मिळाला.

नाशिक
दागिन्यांचं काय? आणि अकरा महिन्यांनी घर बदललं तर?

पुणे
दागिने आपोआप येत नाहीत दादा, किंमत ठरवून वेगळे लिहून घ्यावे लागतात. घर बदललं की कंपनीला कळवून पॉलिसीवर नवा पत्ता चढवून घ्या, नुसता फोन करून थांबू नका, लेखी घ्या.