नाली, लगदा आणि गच्चीची चावी

सेक्रेटरी (१०१), सकाळी ७:४२
नमस्कार. मागची नाली परत तुंबली. प्लंबरने हात घातला तर दोन ओंजळी कागदाचा लगदा निघाला. एका तुकड्यावर 'कर्क : प्रवास टाळा' एवढं वाचता आलं. ज्यांच्याकडे शाळेचा प्रोजेक्ट सुरू आहे त्यांनी स्वतःहून सांगावं. मी नाव घेणार नाही.

३०२
घ्या ना भाऊ, सगळ्यांना माहीत आहे. मुखवटे आमच्याकडेच झाले. चार पोरं होती, त्यातली दोन खालच्या मजल्यावरची. बादलीतलं पाणी मी चाळणीतून गाळलं होतं.

२०४ काकू
कणकेची चाळणी??

३०२
जुनी, काकू.

४०१ नाना
गच्चीची चावी कोणाकडे आहे?

सेक्रेटरी
६०० रुपये कोण देणार तेवढं सांगा. मागच्या वर्षी गणपतीच्या मातीच्या वेळीही सगळे 'आम्ही नाही' म्हणत होते.

१०३
गणपतीचं उकरू नका. त्यावर मीटिंग झाली आहे.

२०४ काकू
लगदा नालीत जातोच कसा? आमची आई रद्दी भिजवून, कुटून, मेथीचं पीठ घालून सुपं-टोपल्या लिंपायची. चिमूटभर वाया जात नव्हता.

३०२
शाळेने फुग्यावर करायला सांगितलं आहे, काकू. फुग्याला तेल, वर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या पट्ट्या. पट्ट्या हाताने फाडायच्या, कात्री नाही. फाडलेली कड दबून बसते, कापलेली उठून दिसते. लगदा फक्त नाक-कानापुरता. पण एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही, आणि या श्रावणात वाळतं का काही? दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही पिवळ्या मुखवट्याच्या गालावर बुरशी आली. म्हणून तर गच्ची मागितली होती.

४०१ नाना
तेच म्हणतो. चावी?

२०४ काकू
गच्ची नाही मिळाली म्हणून बाल्कनी काय? काल माझ्या धुतलेल्या गाउनवर खळ टपकली. बोलले नाही, शेजारधर्म.

५०१
कायचे मुखवटे आहेत?

३०२
मारबत आणि बडग्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मिरवून जाळतात ते पुतळे.

५०१
😂 मग नालीवाल्याचाच बडग्या काढा. 'नाली, लगदा घेऊन जा गे मारबत!'

सेक्रेटरी
हे मला उद्देशून आहे का?

५०१
भाऊ, तुम्ही कायले मनावर घेऊन राहिले?

२०४ काकू
पोरांना काही सांगितलं का, की नुसते रंग फासले? काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची.

३०२
सांगितलं हो काकू. जागनाथ बुधवारीत पिवळी बनताना दाखवूनही आणली. तिथले बांबू बघून आमच्या पोराला फुगा एकदम बारका वाटायला लागला.

१०३
खळीत मोरचूद घाला. बुरशी नाही, झुरळ नाही.

३०२
पोरांच्या हातात मोरचूद? विष आहे ते!

१०३
(हा मेसेज डिलीट केला आहे)

५०१
वाचला मी 😂

४०१ नाना
तीन वेळा विचारून झालं. गच्चीची चावी कोणाकडे आहे?

२०३
सॉरी सगळ्यांना. आमचा आत्ता सांगून राहिला, बादली त्याने ओतली. मागच्या नालीत. म्हणे 'काकूंनी रिकामी करून आण म्हटलं.' गाळून उरलेला लगदा तळाशी तसाच होता.

३०२
कुंडीत टाक म्हटलं होतं गं मी त्याला!

२०३
कुंडी त्याला दिसली नसेल. आठवडाभर चार पोरांचं चहा-पोहे तुम्हीच केलं, त्यामुळे मी जास्त बोलत नाही.

३०२
मग बोलूच नका ना.

सेक्रेटरी
म्हणजे ३०० + ३००.

५०१
आणि कर्कवाल्याचे?

सेक्रेटरी
संध्याकाळी ७ ला मीटिंग. सगळ्यांनी यावं. खाली पाणी साचलं आहे, वर गच्चीवर बसू.

४०१ नाना
🔑?