संक्रांतीचं सगळं घरीच करायचंय, कोणता गूळ घेऊ आणि आधी काय करू?

लातूरची_धाकटी_सून
नमस्कार मंडळी. यंदा नणंदबाईंच्या लेकराची पहिली संक्रांत आहे आणि बोरन्हाण आमच्याकडंच करायचं ठरलंय. सासूबाई म्हणायलेत विकतचं काही आणायचं नाही, तिळाच्या वड्या, लाडू, गुळाची पोळी, अंगावर घालायचा साखरेचा काटेरी हलवा, सगळं घरीच. वरून नणंदबाईंसाठी डिंकाचे लाडू, आणि धाकटे दीर पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करायलेत त्यांना एक डबा पाठवायचा. स्वयंपाकाला मी घाबरत नाही पण गोडाधोडाचं एवढं एकदम कधी अंगावर घेतलं नव्हतं. काल गंजगोलाईत गूळ बघायला गेले तर दुकानदारानं तीन ढेपा पुढं केल्या, एक पिवळाधम्मक, एक काळसर सेंद्रिय म्हणे, आणि एक चिक्कीचा, आणि म्हणतो काय करायचंय ते सांगा ताई मग देतो. मलाच माहीत नाही तर काय सांगू, पाव किलो चिरमुरे घेऊन परत आले. तर कोणता गूळ कशाला, आधी काय करून ठेवलं तर टिकतं, आणि हलवा खरंच घरी होतो का का उगं डोक्याला ताप, ते सांगा.

परभणीची_आत्या
अगं माय, सासूबाईंनी बरोबर कामाला लावलंय तुला. घाबरू नको, सगळं एका आठवड्यात करायचं नसतं एवढं ध्यानात ठेव. डिंकाचे लाडू आत्ताच कर, येळवस (वेळ अमावस्या) झाली की लगेच, ते महिनाभर कुठं जात नाहीत. मग तिळाच्या वड्या-लाडू संक्रांतीच्या आठ-दहा दिवस आधी. पोळी भोगीच्या आदल्या दिवशी. भोगीला करू नकोस, त्या दिवशी बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, पावटे-हरभरे सोलणं यातच जीव जातो.

डिंक घेताना धावड्याचा माग, बाभळीचा स्वस्त पडतो पण फुलतो कमी. मोठे खडे बत्त्यानं हरभऱ्याएवढे करून घे, तुपात थोडे थोडे टाक आणि आच बारीक ठेव. मोठ्या आचेवर वरून फुललेला दिसतो आणि आत खडा तसाच राहतो, मग खाताना दाताला चिकटतो आणि म्हातारी माणसं नाव ठेवतात. फुललेला डिंक वाटीच्या बुडानं चुरायचा, मिक्सरला लावू नको, पीठ होतं त्याचं. खारकेची पूड, भाजलेलं खोबरं, गोडंबी (बिब्ब्याच्या आतली बी), खसखस, जायफळ. बाळंतिणीसाठी म्हणून मेथी घालणार असशील तर मेथीचं पीठ आठेक दिवस आधी तुपात भिजवून ठेव, कडूपणा बराच उतरतो. गोडंबी मात्र ओळखीच्या दुकानातून घे, टरफल नीट निघालेलं नसलं तर बिब्ब्याचं तेल उततं अंगावर.

तिळाचं म्हणशील तर गावरान तीळ घेतले तर धुऊन उन्हात कडक वाळव. त्यात बारीक माती असते, चाळून निघत नाही, दाताखाली कचकच येते. भाजताना तडतडायला लागले आणि रंग जरा गुलाबीसर झाला की उतरव, कढईत ठेवू नको. कढई गरम असती, त्यात ते करपत राहतात आणि कडू होतात.

गुऱ्हाळवाला_धाराशिव
ताई, गुळाचं मी सांगतो, आमच्याकडं हंगामात चुलवाण पेटलेलंच असतं. रस उकळताना मळी वर येते ती भेंडीच्या झाडाच्या चिकट पाण्यानं काढतात, थोडा चुना पडतो. इथपर्यंत सगळीकडं सारखंच. पुढं गिऱ्हाइकाला पिवळा रंग पाहिजे म्हणून काही जण हायड्रोस पावडर टाकतात, मग तो चकचकीत दिसतो पण ठेवला की काही महिन्यांत परत काळवंडतो. म्हणून नुसता पिवळा दिसला की चांगला असं नसतं, आणि काळा दिसला की सेंद्रियच असतो असंबी नसतं, काहीवेळा तो नुसता करपलेला किंवा जुना असतो. खडा तोंडात टाकून बघा. खारट लागला तर ठेवून द्या तिथंच.

आता कशाला कोणता. वड्या-लाडूला गूळ वितळवायचाच आहे, तर काळसर चालतो, चवीला तर तोच सरस. वितळवताना चार चमचे पाणी घाला, फडक्यातून गाळा, कचरा निघतो, मग पाक आटवत बसा. पोळीत गूळ वितळत नाही, किसून कच्चाच जातो, तिथं गाळायची सोय नाही म्हणून पोळीला स्वच्छ, मऊ, बोटानं दाबला तर दबेल असा साधा गूळ घ्या. आणि चिक्कीचा गूळ फक्त चिक्कीला. तो चिवट असतो, पोळीत घातला तर पोळी खाताना तार निघते.

लातूरची_धाकटी_सून
भाऊ एकदम क्लिअर झालं. पण पाक कसा ओळखायचा? व्हिडिओत सगळेजण म्हणतात "पाक झाला की" आणि पुढं जातात, झाला म्हणजे काय झाला तेच कुणी दाखवत नाही 😅

मोंढ्यातला_आचारी
बाजूला वाटीत गार पाणी घेऊन बसायचं. पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा आणि बोटांनी गोळा करायचा. पसरला, विरघळला तर कच्चा. मऊ गोळी झाली, दाबली तर चपटी होते, हा वडीचा पाक. गोळी जरा घट्ट, दाबायला जोर लागतो आणि ताटावर टाकली तर थोडा आवाज येतो, हा लाडवाचा. आणि थेंब पाण्यात पडताच काचेसारखा झाला, मोडला तर कट्ट करून तुटला, दाताला चिकटला नाही, तो चिक्कीचा. थर्मामीटर असेल तर वडीला ११५ अंशांच्या आसपास, लाडवाला १२० च्या जरा वर, चिक्कीला १४५ ते १५०. पण पाक वाढत जातो तसा वेग घेतो, शेवटी अर्ध्या मिनिटात वडीचा पाक लाडवाचा होतो, म्हणून थेंब बघताना गॅस बंद करून बघायचा. ही एक सवय लावली तर निम्मं काम झालं.

मापाला दोन वाट्या तीळ, एक वाटी दाण्याचं कूट, दीड वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप, वेलची. वडी ताटात थापली की गरम आहे तोवरच सुरीनं रेघा मारा.

चिक्कीच्या पाकात शेवटी चिमूटभर खायचा सोडा टाका. पाक फेसाळतो, रंग उजळतो, बारीक बुडबुडे आत अडकतात म्हणून चिक्की खुसखुशीत होते. वडीला पण टाकला तर चालतो, हलकी होते.

परभणीची_आत्या
वडीत सोडा कामून? दुकानात मापाला फुगवायला टाकतात ते ठीक, घरच्या वडीला सोड्याचा वास येतो. आमच्यात कधी टाकत नाहीत.

मोंढ्यातला_आचारी
आत्या, चिमूट म्हणजे चिमूट म्हणलं, चमचा नाही 🙏 तरी वडीत नका टाकू, तुमचं खरं.

अंबाजोगाईची_काकू
हलव्याचं कुणीच बोलेना म्हणून मी येते. होतो बाई घरी, पण हातचा वेळ पाहिजे आणि हवा पाहिजे. थंडी कोरडी असली तरच काटा येतो. ढगाळ असलं, डिसेंबरात मधेच पाऊस पडतो तसं झालं, तर त्या दिवशी हातच लावू नकोस, साखर नुसती चिकट होऊन बसते.

साखर बुडेल एवढं पाणी घालून उकळायचं, चमचाभर दूध टाकलं की मळी वर येते ती काढायची, आणि एकतारीच्या (दोन बोटांत धरला की एक तार निघते तो) आतबाहेर पाक उतरवायचा. लिंबू अजिबात नाही. लिंबू पिळलं की साखर परत दाणा धरत नाही. जिलबीला ते बरं, पण हलव्याचा काटा म्हणजे साखरेचा दाणाच की, तोच नाही आला तर राहिलं काय. मग परातीत मूठभर तीळ किंवा खसखस किंवा साबुदाणा, परात कोमट राहील अशी सोय (आमची आई शेगडीत राखेखाली निखारे ठेवायची, मी खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवते), आणि चमच्यानं थेंब थेंब पाक सोडत बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. एकदम ओतला की गोळा झालाच म्हणून समज. वाळला की पुढचा चमचा. एका बैठकीत होत नाही, रोज सकाळी तास-दोन तास असं करत आठवडा जातो. शेवटी शेवटी काटा असा वर येतो की हात काढू वाटत नाही. केशराचा, बिटाचा रंग शेवटच्या पाकात.

माझं मत विचारशील तर पूर्ण दागिने घरच्या हलव्याचे करायच्या भानगडीत पडू नकोस. लेकराच्या मुकुटाला आणि हाराला पुरेल एवढा वाटीभर कर, बाकी बोरन्हाणात डोक्यावरून ओतायला बोरं, चिरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बत्तासे असतातच. सासूबाईंना सांग अंबाजोगाईच्या काकूनं सांगितलंय. आणि बोरन्हाणाला घाई नाही, रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, संक्रांतीलाच पाहिजे असं नाही.

जालन्याची_मामी
मी दरवर्षी नाताळला हेच सगळं वेगळ्या कॅलेंडरवर करते म्हणून लिहायलेय. आमच्याकडं २५ डिसेंबरच्या आधी आठवडाभर करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे, लाडू, सगळा फराळच असतो, केक त्याच्या जोडीला. आजूबाजूच्या घरी ताटं जातात आणि संक्रांतीला त्यांच्याकडून तिळगूळ येतो. गल्लीतल्या बायका एका घरी जमतो, एकजण लाटते, एकजण भरते, एकजण तळते. तिळाच्या लाडवाला तर हे पाहिजेच. पाक उतरला की मिश्रण पाच-सात मिनिटांत आळतं, एकट्या माणसाचे दहा लाडू वळून होईपर्यंत बाकीचं कढईला धरतं. चार हात बसव, तळव्याला तूप नाहीतर पाण्याचा हात लाव, आणि तरीही आळलंच तर कढई परत बारीक आचेवर ठेव, सैल होतं.

अनारशाचं पीठ मात्र आत्ताच घालू नकोस एवढ्या गडबडीत, तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, दळा, तो वेगळाच संसार आहे.

आणि पाहुण्यांना गाजरहलवा करणार असशील तर कुणी येणारं-जाणारं असलं तर भूमकडून कुंथलगिरीचा खवा मागव, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, भट्टीवर आटवलेला असतो. पण तो आणला की दोन-तीन दिवसांत संपव, थंडी असली तरी. पुण्याच्या डब्यात खव्याचं काही घालू नको.

नांदेडचा_पण_पुण्यात
दीरांच्या वतीनं बोलतो 😄 वैनी, डब्यात गुळाची पोळी घालाच पण पातळ लाटलेली खुसखुशीत पोळी कुरिअरमधी चुरा होऊन येती. आमची आई शेंगदाण्याची पोळी पाठवते, ती जरा जाड असती, दोन पोळ्यांत कागद घालते आणि स्टीलच्या डब्यात वर मोकळी जागा ठेवत नाही, कापडाचा बोळा कोंबते. आठ-दहा दिवस मस्त राहते. तिळाचे लाडू घट्ट पाकाचे पाठवा, वडी एकमेकीला चिकटून एकच ढेप होऊन येती. आणि रूमवर आम्ही सहाजण आहोत असं धरून चाला.

लातूरची_धाकटी_सून
सगळ्यांना हात जोडून 🙏 सासूबाईंना मोबाईलवर वाचून दाखवलं, हलवा वाटीभरच करायचं त्यांनी मान्य केलं, पण म्हणायलेत काकूंना विचार मुकुटाला तीळ घ्यावेत का साबुदाणा. अजून एक, पोळी लाटताना गूळ बाहेर येतो त्याला काय करू?

परभणीची_आत्या
गूळ किसून, तिळाचं कूट, तेलात खमंग भाजलेलं बेसन, खसखस, जायफळ घालून सारण हातानं इतकं मळ की एक गाठ राहिली नाही पाहिजे. गाठ राहिली की तिथंच फुटतं. कणकेत थोडा मैदा आणि कडकडीत तेलाचं मोहन, आणि कणीक सारणाएवढीच घट्ट ठेव. सैल कणीक पुढं पळते आणि गूळ मधेच राहतो. पुरणासारखा उंडा भरू नको, दोन छोट्या पुऱ्यांमध्ये सारणाची चकती ठेव, कडा दाब, तांदळाच्या पिठीवर लाट, गूळ कडेपर्यंत गेला की उरलेली कड कातण्यानं काढून टाक. तवा मंद. गूळ तव्याला लागला तर ओल्या फडक्यानं लगेच पूस, नाहीतर पुढच्या सगळ्या पोळ्यांना काळे डाग.

अंबाजोगाईची_काकू
मुकुटाला साबुदाणा, दाणा टपोरा येतो आणि लांबून दिसतो. हाताच्या वाळ्यांना खसखशीचा बारीक. लेकरू तोंडात घालणारच, म्हणून दोऱ्यात ओव, पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलनं चिकटवू नको.